वखारवाल्यांवरील ठपका



चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांच्या ऱ्हासाचा सारा ठपका जळाऊ लाकडाच्या वखारवाल्यांवर ठेवणारे जे पत्र गतांकी प्रसिद्ध झाले, त्याच्या लेखकांनी एखाद्या वखारीचे दप्तर चाळले असते, तर असे सरसकट विधान त्यांच्या लेखणीतून उतरले नसते, असे या व्यवसायावर पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करणाऱ्या कुटुंबातील मला सविनय नमूद करावेसे वाटते. आमचा माल वनविभागाच्या आगारातील जाहीर लिलावातून, बिटांच्या, म्हणजे मोजून रचलेल्या ढिगांच्या, हिशेबाने येतो. वाहतूक परवान्यावाचून गाडी दारात रिती होत नाही. ऐन-धावड्याची फाटी फोडून, हवा खेळेल अशी रचून, दोन फाटी परस्परांवर आपटता खणखणीत नाद येईपर्यंत ती वाळवावी लागतात. गॅसमुळे घरगुती गिऱ्हाईक ओसरले. तथापि लग्नकार्यातील आचाऱ्याची आणि स्मशानाची निकड कायम आहे, व अंत्यविधीच्या लाकडावर नफा घेणे आमच्या वाडवडिलांनी निषिद्धच मानले.

आपले वन राखणाऱ्या, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेला २००९ साली सामूहिक वनहक्क आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार मिळाले. रीतसर उपभोग आणि वनरक्षण यांत उपजत वैर नाही, याचा याहून सबळ दाखला कोणता? चोरटी तोड करणाऱ्यांस कठोर शासन व्हावेच. परंतु आगारांतील लिलावात बिटांचे लहान गट पाडून किरकोळ वखारदारासही बोली लावता येईल, अशी तजवीज सरकारने करावी, ही विनंती.

आपला,
एक वखारदार, मूल (जि. चंद्रपूर)