पाऊण, मुक्कालु आणि सातवीचे गणित

"ह्या पोरीला गणित यायचं नाही," असा निकाल शाळेत केव्हाच लागला होता. पोर सातवीतली. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. आई बाजारात भाजी घेऊन बसते. गेल्या वर्षी जूनपासून तिला आणि आणखी चौघांना संध्याकाळी तासभर शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. मी बी. एस्सी.ला गणित घेतलेला. तेव्हा सातवीचे गणित म्हणजे हातचा मळ, अशा ऐटीत मी सुरुवात केली. ती ऐट महिनाभरही टिकली नाही.

१/२ + १/३ असे उदाहरण घातले की ती न चुकता २/५ लिही. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. मी लसावि काढण्याची रीत पुन्हा सांगितली, दहा उदाहरणे घातली, वीस घातली. त्या दिवसापुरते जमे. आठवड्याने पुन्हा २/५. शेवटी मीही मनातल्या मनात शाळेचाच निकाल कायम केला होता, हे इथे कबूल केले पाहिजे.

मग एका शनिवारी मी भाजी आणायला गेलो, तर आईच्या जागी पोरच बसलेली. वांगी साठ रुपये किलो. मी पाऊण किलो मागितली. वांगी पिशवीत पडायच्या आत ती म्हणाली, "पंचेचाळीस." माझ्यामागच्या बाईंनी कानडीत 'मुक्कालु' किलो टोमॅटो मागितले, भाव चाळीस. त्यांनाही तितक्याच झटक्यात उत्तर मिळाले, "मूवत्तु." पुस्तकात ६० × ३/४ आणि ४० × ३/४ म्हणतात ते हेच!

"कसं काढलंस?" मी विचारले.

"साठातनं पंधरा गेले की, दादा."

घरी येईपर्यंत मी त्याच विचारात होतो. पाऊण म्हणजे पाव उणा. मराठी शब्दातच वजाबाकी आहे. मुक्कालु म्हणजे तीन कालु, म्हणजे तीन पाव. कानडी शब्दात गुणाकार आहे. एकाच बाजारात, एकाच पोरीच्या तोंडी, एका अपूर्णांकाच्या दोन रीती नांदत होत्या आणि दोन्ही बरोबर होत्या. मी मात्र त्या दोन्ही दाराबाहेर ठेवून 'वर अंश, खाली छेद' इथून आरंभ करीत होतो.

सोमवारी वही बंद करायला सांगितली. "अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी भाकरीचा तिसरा हिस्सा खाल्लास. अर्धीपेक्षा जास्त झालं की कमी?" "जास्त." "आता एका भाकरीचे पाच सारखे तुकडे कर. त्यातले दोन म्हणजे?" तिने पाटीवर गोल काढला, तुकडे पाडले आणि थबकली. "दादा, हे तर अर्ध्याहून कमी झालं की!" तिची चूक तिला स्वतःला दिसली ती त्या दिवशी प्रथम. माझ्या लाल शाईने सहा महिन्यांत जे झाले नव्हते, ते एका भाकरीने केले. मग दोन्ही हिस्से सारख्या मापाच्या तुकड्यांत मोजायला हवेत हे तिलाच सुचले. सहा तुकडे केले; त्यांतले तीन आणि दोन, मिळून ५/६. लसावि ही मास्तरांची लहर नसून ती गरज आहे, हे तिला कळले.

हा प्रश्न एका मुलीचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी केवळ ४५.८ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. २०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत विक्री करणारी मुले अवघड हिशेब तोंडी बिनचूक करीत; तीच मुले शाळेतल्या पद्धतीने घातलेल्या उदाहरणांत अडखळत. शाळेत जाणाऱ्या पण बाजार न पाहिलेल्या मुलांची गत उलट होती. म्हणजे डोके दोघांनाही आहे. तुटला आहे तो मधला पूल.

हा पूल नेमका पाचवी ते सातवीत तुटतो, असे माझे मत आहे. तोवर संख्या बोटांवर मोजता येते. अपूर्णांक बोटांवर येत नाही, ऋण संख्या येत नाही आणि अंकांच्या जागी अक्षर आले की बोटे अगदीच निकामी होतात. या उंबऱ्यावर अडलेल्या मुलाला पुढे गुणोत्तर कळत नाही, शेकडेवारी कळत नाही. ते दहावीपर्यंत मागच्या बाकावर गप्प बसून राहते आणि आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो.

"पूर्वी पाठांतर होते म्हणून गणित पक्के होते," असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यात तथ्य आहे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे पाढे म्हणजे अपूर्णांकांचेच पाढे. पण ते जिवंत होते, कारण आणे, शेर आणि पावशेर रोज हाताळावे लागत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पुढे किलो आले आणि ते पाढे मागे पडले. ते सगळे परत आणा असे मी म्हणत नाही. साधे पाढे पाठ हवेतच, नाहीतर भागाकार मध्येच बुडतो. पण अर्थाशिवाय पाठांतर आठवड्याने उडून जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

भाषेचेही तसेच. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असेही वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रात केवढी थट्टा झाली! गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली होती. आम्हां बेळगावकरांना त्यात हसण्यासारखे काय होते? कानडीत पंचवीसला 'इप्पत्तैदु' म्हणतात. आधी वीस, मग पाच, जसे लिहितो तसे. 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिणाऱ्या मुलाला शेजारच्या मित्राची ही रीत दाखवली, तर मराठीचे काय बिघडणार आहे?

मला उपाय तीनच सुचतात. गणित सोडवण्याआधी मुलाला उत्तराचा अंदाज करू द्यावा. चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्याआधी "हे कसं काढलंस?" एवढे विचारावे. आणि घरात, बाजारात जे शब्द आहेत त्यांच्यापासून सुरुवात करून मग अंश-छेदाकडे यावे. या तिन्हींना पैसा लागत नाही, वेळ लागतो. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाकडे तो नसतो, हेही खरे.

तो वेळ आपल्याकडे आहे. या अंकात मराठी आणि कानडी विभाग एकाच पुठ्ठ्यात बांधलेले असतात. एरवी आपण एकमेकांची पाने उलटतही नाही. एक मराठी आणि एक कानडी विद्यार्थी अशा जोडीने आठवड्याला दोन तास गल्लीतल्या चार मुलांना दिले तर? अंश आणि छेद हे शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहेत.

माझ्या विद्यार्थिनीचा पहिला नंबर आलेला नाही. ती अजूनही चुकते. पण परवा उदाहरण सोडवून झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, "थांबा दादा, एवढं मोठं उत्तर कसं येईल?" आणि तिने खोडरबर उचलले.