उसाच्या गावात ज्वारीचा उपदेश

गेल्या पौषातली गोष्ट. पलसाण्याच्या चौफुलीपासून जरा आत एका मंडपात आरोग्य शिबिर भरले होते. मुंबई-अहमदाबादचा रस्ता आणि हजिऱ्याहून बारडोली, व्यारा, नवापूर करीत आपल्या धुळ्याकडे येणारा रस्ता इथेच एकमेकांना भेटतात. त्यामुळे या चौफुलीवर सकाळी उभे राहिले की अर्धा खानदेश भेटतो. मीही त्याच रस्त्याने तीस वर्षांपूर्वी इकडे आलो, एका मिलमध्ये हिशेबनीस झालो आणि गेली अकरा वर्षे मधुमेहाची गोळी खातो आहे. म्हणून शिबिराला गेलो.

सुरतेहून आलेले डॉक्टरसाहेब चांगले बोलले. कमी बोलले, समजेल असे बोलले. साखर सोडा, मैदा सोडा, ज्वारी-बाजरी-नागली खा, रोज अर्धा तास चाला, ताण घेऊ नका. टाळ्या पडल्या. मग सर्वांना चहा आला, तोही गोड. मंडपाच्या कडेला काही ऊसतोडीच्या बाया उभ्या होत्या. त्यांतली एक साक्री तालुक्यातली निघाली. मी विचारले, ‘ताई, कळले का साहेब काय म्हणाले?’ ती म्हणाली, ‘कळनं ना भाऊ. पन आठे जवारी कोठे शे?’

एवढ्या एका प्रश्नापुढे तासाभराचे ते व्याख्यान आडवे पडले. हा लेख त्या प्रश्नाखातर आहे.

प्रथमच सांगतो, डॉक्टरांशी माझे भांडण नाही. ते म्हणाले ते खरे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून अधिक उंबरठ्यावर उभी आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले की देशातल्या आजारांच्या ओझ्यापैकी निम्म्याहून अधिक ओझे चुकीच्या आहारामुळे आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. आता मिलमधल्या बारा तासांच्या पाळीत चार कप चहा धरा, कपाला दोन चमचे धरा. ४० ग्रॅम तिथेच झाले. झोप येऊ नये म्हणून चहा, भूक मरावी म्हणून चहा. त्या माणसाला ‘ताण घेऊ नका’ असे सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला ‘पाणी पिऊ नका’ असे सांगण्यासारखेच आहे.

माझे भांडण आहे ते तज्ज्ञांच्या अर्धवट बोलण्याशी. ते ताटापाशी सुरू होतात आणि ताटापाशीच थांबतात. ताटात अन्न कोठून येते, हे विचारायचे ते शेतीवाल्यांवर सोडतात. शेतीवाले टनाचा हिशेब करतात आणि आरोग्य डॉक्टरांवर सोडतात. पाण्याचे खाते पाणी सोडते आणि हात झटकते. तिघांच्या मधल्या फटीत माणूस पडतो.

पलसाणा तालुक्याकडेच पाहा. १९५४ साली काकरापारचा बंधारा झाला, १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले, आणि तापीचे पाणी कालव्यांनी बारडोली-पलसाण्याच्या काळ्या जमिनीत शिरले. जिथे कापूस आणि ज्वारी होती तिथे ऊस आला. बारडोलीचा सहकारी साखर कारखाना पन्नाशीतच निघाला होता. पुढे मढी, चलथाण, सायण अशी रांगच लागली. चलथाण तर या तालुक्यातलेच. ऊसाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते, ज्वारीला पाचशेच्या आसपास पुरते. आमची दादर तर परतीच्या ओलीवर येते. पण ऊसाला ठरलेला भाव आहे, घेणारा कारखाना आहे, फुकटासारखे पाणी आहे. ज्वारीचा हमीभाव कागदावर छापतात. सरकारी खरेदीचा काटा मात्र मुख्यतः गहू आणि तांदूळच तोलतो. शेतकऱ्याने काय करावे? तो वेडा नाही. आणि अती पाण्याने याच कालव्यांखालची कितीतरी जमीन पाणथळ आणि खारी झाली, हेही तो जाणतो.

सुरतेत ज्वारी उरली आहे, नाही असे नाही. हिवाळ्यात तापीकाठी पोंकाच्या गाड्या लागतात. पोंक म्हणजे आपला हुरडा. लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर हौसेने खातात. जे धान्य गरिबाचे बारमाही पोट होते, ते शहराची महिन्याभराची चैन झाले. २०२३ साल जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आपल्या सरकारने त्यांना ‘श्रीअन्न’ असे नाव दिले. नाव श्रीचे मिळाले, भावही श्रीमंतांचा झाला. आज नागलीची बिस्किटे साखर घालून रंगीत पुड्यांत विकली जातात.

अन्न आणि माती यांची गाठ काही मी नव्याने बांधत नाही. मॅकॅरिसन नावाच्या इंग्रज डॉक्टराने कुन्नूरला उंदरांना हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांचे आहार खाऊ घातले, आणि कुठला आहार अंग धरतो, कुठला आजार आणतो ते दाखवले. त्याच्याच प्रयोगशाळेतून आजची पोषण संस्था निघाली. आपल्याला जवळच्या इंदूरला अल्बर्ट हॉवर्डने कंपोस्ट खताची पद्धत बसवली आणि माती, पीक, जनावर, माणूस यांचे आरोग्य हा एकच विषय आहे असे जन्मभर सांगितले. उंबरगावजवळच्या देहरीचे भास्कर सावे हे तर या पट्ट्यातलेच शेतकरी. त्यांनी २००६ साली डॉ. स्वामिनाथन यांना उघडे पत्र लिहून ऊसासारख्या तहानलेल्या पिकांवर आणि रासायनिक शेतीवर कोरडे ओढले. २०१५ साली ते गेले. त्यांची वाडी पाहायला लोक लांबून येत. पाहून गेले, आणि परत जाऊन ऊसच लावला.

आता पुण्याकडे वळू. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातर्फे १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. इकडची बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली ३.५ किलोची. पण आपले बाळ हाडामांसाने बारीक असले तरी चरबी राखून जन्मते. पोटात असताना उपाशी राहिलेल्या या बाळाला पुढे भरपूर गहू-साखर मिळाली की मधुमेह गाठतो. त्याच अभ्यासात दिसले की ज्या आयांनी हिरव्या पालेभाज्या, दूध, फळे अधिक वेळा खाल्ली त्यांची बाळे अंगाने बरी निघाली. याचा सरळ अर्थ घ्या. चाळिशीतल्या माणसाचा मधुमेह केवळ त्याच्या जिभेचा दोष नाही. त्याची पेरणी त्याच्या आईच्या ताटात झालेली असते.

मग ती आई कोठे आहे ते पाहू. ती पडावावर आहे. ऊसाच्या पाचटाचे नाहीतर प्लास्टिकचे खोपटे, पहाटे उठून भाकरी थापायची, मग फड. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसांना अवजाराचे नाव. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल हंगामभर फेडायची, आणि मधे मिळते ती खावटी. हॉलंडचे यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकापासून या बारडोली भागातल्या कोयत्यांवर लिहिले. त्यानंतर किती सरकारे आली आणि गेली. सर्वांत जिव्हारी लागते ते हे : उकाईच्या जलाशयात आपल्या नवापूर तालुक्यातलीही गावे गेली, आणि त्या पाण्याने उठवलेल्यांपैकी कितीतरी लोक त्याच पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला येत राहिले. जमीन गेली, ज्वारी गेली, आणि आता डॉक्टर सांगतात, ज्वारी खा.

हे फक्त गुजरातचे दुखणे समजून कोणी सुस्कारा सोडू नये. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा परवडत नाही म्हणून शरीराचाच तुकडा काढला. समुद्रापलीकडे निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊसतोड्या तरुणांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या, त्यांना ना मधुमेह ना रक्तदाब. उन्हात, तहानलेल्या अंगाने राबणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. तिथे काही मळ्यांवर उपाय केला तो काय? पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती. त्याने किडनीला होणारी इजा कमी झाली. म्हणजे या रोगाचे प्रतिबंधक औषध मुकादमाच्या आणि कारखान्याच्या हातात आहे. आमच्या पडावांवर फाल्गुनाच्या उन्हात सावलीचा मंडप कोणी घातलेला मी तरी पाहिला नाही.

मिलवाल्यांचेही तेच. मिंढोळा नदीचे नाव प्रदूषित नद्यांच्या सरकारी यादीत आहे. जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या सचिनला टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने सहा माणसे गेली. ती एका पहाटेत गेली म्हणून बातमी झाली. वीस वर्षांत थोडी थोडी जाणाऱ्याची बातमी होत नाही, त्याला ‘जीवनशैलीचा आजार’ म्हणतात. जणू ही जीवनशैली त्याने दुकानातून पसंत करून आणली!

यावर शेतकरी मित्र म्हणतील, आणि मला म्हणालेही आहेत, ‘काका, ऊस लावला म्हणून पोरे शिकली. तुम्ही आम्हाला पुन्हा ज्वारीत ढकलता?’ आक्षेप खरा आहे. जुने दिवस सोन्याचे नव्हते. १९७२च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडलेली माणसे माझ्या घरात होती. आणि ज्वारी ही काही जादूची पुडी नाही. चार भाकरी रिचवून खाटेवर पडणाऱ्याची साखर ज्वारीनेही चढते. तेव्हा ऊस उपटून फेका असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, ऊसाला जे दिले ते ज्वारीला, तुरीला, उडदाला द्या : ठरलेला भाव आणि दारात घेणारा. मग शेतकऱ्याला उपदेश करावा लागणार नाही.

कोणी म्हणेल, हे एवढे मोठे काम कोण करणार? त्याला मी सुरतेचेच उदाहरण देतो. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला. तापी लाइनच्या गाड्या छपरापर्यंत भरून आपली माणसे नंदुरबार, अमळनेरला पळाली. त्या वेळी महापालिकेने लोकांना ‘आपापली जीवनशैली सुधारा’ एवढेच सांगून घरी पाठवले असते तर? पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. कचरा उचलला, गटारे बांधली, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले, आणि दोन वर्षांच्या आत तेच शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. प्लेग श्रीमंताच्या दारी येऊ शकत होता, म्हणून घाई झाली. मधुमेह आणि किडनी सावकाश मारतात. आणि कोयत्याला मारतात तेव्हा तो हंगाम संपवून गावी गेलेला असतो. मरण खानदेशात नोंदले जाते, साखर गुजरातेत.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. रेशनवर गहू-तांदळाबरोबर ज्वारी आणि डाळ, तीही पडावावर मिळेल अशी. कारखान्याच्या नोंदीत उसाच्या टनाशेजारी तोडणाऱ्या बाईचे वजन, रक्त आणि रक्तदाब. फडावर पाणी, सावली, दुपारची सुटी. गरोदर बाईला उचल न वाढवता रजा. मिलच्या पाळीला आठ तासांची सीमा. आणि तज्ज्ञमंडळींना एकच विनंती : पुढचे शिबिर मंडपात न भरवता फडात भरवा.

त्या साक्रीच्या बाईला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. गेल्या दिवाळीत गावाहून आणलेली पाच किलो दादर घरात होती, ती दुसऱ्या दिवशी तिच्या खोपट्यावर नेऊन दिली. तिने पदरात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, ‘हाई तं आपली शे.’ पाच किलो आठवड्यातच सरली असेल. पुढच्या आठवड्याचे उत्तर माझ्याकडे नाही. ते ज्यांच्याकडे आहे, त्यांना आता तिने नव्हे, आपण विचारायला हवे.