थकवा नेमका कोणास?

शुक्रवारी, एप्रिल २०२२ च्या १ तारखेस, इंग्लंडातील सर्वसामान्य नागरिकास करोनाची जी चाचणी सरकारतर्फे विनामूल्य मिळत असे ती बंद झाली. आणि त्याच दिवशी तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने, घरोघरचे नमुने तपासून केलेल्या पाहणीच्या आधारे, असे प्रसिद्ध केले की २६ मार्च रोजी संपलेल्या आठवड्यात सबंध युनायटेड किंग्डममध्ये सुमारे ४९ लक्ष माणसे ह्या विषाणूने बाधित होती. इंग्लंडापुरते बोलायचे तर दर तेरा माणसांमागे एक. पाहणी सुरू झाल्यापासून एवढा मोठा आकडा कधीच आला नव्हता. दुसऱ्या दिवशी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, महाराष्ट्र सरकारनेही आपले सर्व निर्बंध उठविले व मुखपट्टी ऐच्छिक केली. परंतु त्या वेळी महाराष्ट्रात रोज आढळणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या दीडदोनशेच्या घरात होती. ज्यांची लेकरे लंडनच्या हॅरो-वेंब्लीत नांदतात अशा पुण्यामुंबईच्या घरांत ह्या दोन बातम्या एकाच सकाळी वाचल्या गेल्या असतील, आणि साथ ओसरल्यावर छत्री मिटणारे सरकार व भर पावसात ती मिटणारे सरकार ह्यांतला भेद त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नसेल.

इंग्लंडातील ह्या घाईचे समर्थन करताना जे कारण वारंवार पुढे केले गेले ते असे की, लोक आता थकले आहेत. दोन वर्षे अंतर राखून, तोंड झाकून, आप्तांच्या अंत्यविधीसही मोजक्या संख्येने उभे राहून माणसाचा जीव विटतो, हे कोण नाकारील? तथापि ह्या थकव्याचा इतिहास तपासून पाहण्याजोगा आहे. कारण तो लोकांस येण्याआधीच सरकारी दफ्तरात दाखल झालेला होता. ९ मार्च २०२० रोजी, म्हणजे त्या देशात एकही कडक निर्बंध लागू झालेला नसताना, प्रमुख वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी ह्यांनी जाहीरपणे इशारा दिला होता की फार लवकर बंधने घातली तर लोक कंटाळतील व पुढे ती टिकविणे अवघड होईल. त्यानंतर काही दिवसांतच वर्तनशास्त्राच्या सहाशेहून अधिक अभ्यासकांनी खुले पत्र लिहून ह्या अनुमानास पुरावा काय, असा सवाल केला. टाळेबंदीची घोषणा झाली ती २३ मार्चला. मधल्या त्या दोन आठवड्यांत साथ कशी फोफावली हे आता सर्वश्रुत आहे, आणि पार्लमेंटच्या दोन समित्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या संयुक्त अहवालात त्या काळातील निर्णयांची गणना देशाच्या इतिहासातील सार्वजनिक आरोग्याच्या सर्वांत मोठ्या अपयशांत केली आहे. ज्या प्रजेच्या सहनशक्तीविषयी एवढी शंका घेण्यात आली त्या प्रजेने, प्रत्यक्ष हुकूम सुटल्यावर, सरकारच्याही अपेक्षेपेक्षा अधिक निष्ठेने तो पाळला.

मग वीट आला तो केव्हा आणि कशाचा? मे २०२० मध्ये पंतप्रधानांचे मुख्य सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज हे, घरात रोगाचा संशय असताना, लंडनहून दूर डरहॅमपर्यंत मोटारीने गेल्याचे उघडकीस आले आणि तरीही पदावर कायम राहिले, तेव्हा इंग्लंडातील लोकांचा सरकारवरील विश्वास ढासळला. स्कॉटलंड व वेल्स येथे, जेथील आरोग्यविषयक कारभार स्थानिक सरकारांकडे होता, तेथे तशी घसरण झाली नाही, असे ‘लॅन्सेट’मधील एका अभ्यासाने त्याच वर्षी दाखविले. पुढे एप्रिल २०२१ मध्ये राणी एलिझाबेथ आपल्या पतीच्या अंत्यविधीस नियमाप्रमाणे एकट्या बाकावर बसल्या. त्याच्या आदल्या रात्री पंतप्रधानांच्या निवासस्थानी निरोपसमारंभांच्या मेजवान्या झडल्या होत्या. मार्च २०२२ च्या अखेरीस लंडनच्या पोलिसांनी अशा मेजवान्यांबद्दल पहिले वीस दंड ठोठावण्याचे जाहीर केले. ज्यांनी फर्माने काढली त्यांनाच ती पाळण्याचा कंटाळा प्रथम आला, आणि त्या कंटाळ्याचे खापर पुढे रयतेच्या माथी फुटले, असे आम्ही म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होईल असे आम्हांस वाटत नाही.

परंतु ह्याहून गंभीर बाब पैशाची आहे, आणि तिची फारशी वाच्यता होत नाही. जून २०२० च्या अखेरीस, उरलेले इंग्लंड दारे उघडण्याच्या तयारीत असताना, लेस्टर शहरावर स्वतंत्र टाळेबंदी लादण्यात आली. तेथील कापड शिवणाऱ्या लहान कारखान्यांत कायद्याने ठरविलेल्या किमान वेतनापेक्षाही कमी मजुरीवर राबणारी माणसे, अंगात ज्वर असतानाही, कामावर जात असल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या. घरी बसावे तर चूल विझते, अशा माणसास सावधगिरीचा उपदेश करणे सोपे असते. ह्याच लेस्टरने शतकापूर्वी एक निराळा धडा घालून दिला होता. सक्तीच्या देवीच्या लसीविरुद्ध १८८५ साली तेथे हजारोंचा प्रचंड मोर्चा निघाला. लसीला केलेला तो विरोध आम्हांस मान्य नाही. तरी त्याच नगराने रोग्याची तात्काळ नोंद, त्याचे विलगीकरण आणि त्याच्या संपर्कातील मंडळींना वेगळे ठेवणे ही पद्धत नेटाने अंमलात आणली, आणि त्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई नगरपालिकेच्या तिजोरीतून केली. सरकारची सक्ती झुगारणारे लोक स्वतःहून विलग राहण्यास राजी झाले, ह्यात त्या भरपाईचा वाटा किती असेल ह्याचा वाचकांनीच विचार करावा.

२०२२ साली लंडनच्या सरकारने नेमका ह्याच्या उलट मार्ग धरला. अल्प उत्पन्नाच्या बाधितास विलग राहण्यासाठी मिळणारे पाचशे पौंडांचे साहाय्य २४ फेब्रुवारीस, विलगीकरणाच्या कायदेशीर बंधनाबरोबरच, संपुष्टात आले. आजारपणाचा वैधानिक भत्ता, जो तेव्हा आठवड्यास शंभर पौंडांहूनही थोडका होता, तो साथीपुरता पहिल्या दिवसापासून मिळत होता. २४ मार्चला ती सवलतही काढून घेण्यात आली व पहिले तीन दिवस पुन्हा बिनपगारी झाले. त्यात चाचणीच्या किमतीची भर पडली. १८९७ च्या प्लेगात प्लेग-अधिकारी रँडच्या शिपायांच्या धाकाने पुण्यातील लोक आपली आजारी माणसे लपवीत असत. आता लंडनचा मजूर आपला आजार लपविणार होता तो शिपायाच्या भीतीने नव्हे, तीन दिवसांच्या मजुरीसाठी.

येथे एका आक्षेपाचा परामर्श घेणे न्याय्य ठरेल. स्कॉटलंडात मुखपट्टीची सक्ती तेव्हा कायम होती, आणि तरीही तेथे बाधितांचे प्रमाण दर बारा माणसांमागे एक, म्हणजे इंग्लंडाहून किंचित अधिकच होते. करोनाच्या ओमिक्रॉन ह्या प्रकाराचा तेव्हाचा नवा उपप्रकार एवढा चपळ होता की केवळ मुखपट्टीने तो अडेल अशी आशा बाळगणे व्यर्थ होते, हे आम्ही मान्य करतो. लसीमुळे मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ उतरले, हेही खरे. नाहीतर दीड लाखाहून अधिक माणसे आधीच गमावलेल्या त्या देशावर आणखी काय प्रसंग ओढवता, ह्याची कल्पनाही करवत नाही. परंतु इस्पितळांत तेव्हा सुमारे वीस हजार बाधित रुग्ण होते, आणि ज्यांच्या देहात कर्करोगाच्या औषधांमुळे वा अवयवरोपणामुळे लसही पुरती रुजत नाही अशा माणसांना, शेजारी खोकणारा गृहस्थ बाधित आहे किंवा नाही, हे कळण्याची सोयच उरली नव्हती. दुकानात व आगगाडीत तोंड झाकावे की न झाकावे ह्यावर रोज वाद झडत; आजारी माणसाने कोणाच्या खर्चाने घरी बसावे, हा प्रश्न मात्र लंडनच्या मंत्रिमंडळाने ज्याच्या त्याच्या खिशावर सोपविला.

म्हणून त्या सरकारकडे आमची मागणी मर्यादित होती. आजारपणाचा भत्ता पहिल्या दिवसापासून पूर्ववत सुरू व्हावा, आणि ज्यांना रोगाची लक्षणे आहेत त्यांना चाचणी विनामूल्य मिळावी. मुंबईच्या मंत्रालयासही आम्ही आग्रहाने सांगतो की, आज रुग्णसंख्या खाली आहे तोच अवधी साधून, हातावर पोट असलेल्या आजारी माणसाच्या बुडालेल्या रोजाची तरतूद त्याने आताच अंदाजपत्रकात करून ठेवावी.