दंडातील लचक आणि तेलाची घाई

पोते उचलताना अथवा व्यायामशाळेत वजन पेलताना दंडात कळ आली, की रुग्ण प्रथम वैद्याकडे येत नाही. तो औषधी दुकानात जाऊन तेल मागतो. दुकानदार महानारायण किंवा विषगर्भ तेल देतो, घरातील कोणीतरी ते जोर लावून चोळते आणि वर विटेचा शेक दिला जातो. आपल्याकडे आल्यावरही पुष्कळदा हाच उपक्रम चालू राहतो. ताज्या दुखापतीत तो शास्त्रसंमत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रमादाचे एक मूळ शब्दात आहे. व्यवहारातील मराठीत 'स्नायू' म्हणजे मांसल भाग. सुश्रुताचार्यांच्या परिभाषेत मांसल भाग ती पेशी. स्नायू हे बांधून ठेवणारे अवयव, व त्यांतील वृत्त स्नायू म्हणजे कंडरा. दंडाच्या पुढील द्विशिरस्क पेशी वर दोन कंडरांनी अंसफलकाला आणि खाली एका कंडरेने बहिःप्रकोष्ठास्थीला जोडलेली असते. 'स्नायू दुखावला' हे शब्द ऐकताच आपण स्नायुगत वाताची चिकित्सा आठवतो व मर्दन सांगतो. परंतु ताजी लचक हा आगंतुज व्याधी आहे. त्यात तंतू तुटून रक्त साचते. दोषांचा अनुबंध मागाहून होतो. अशा वेळी मर्दन व उष्ण स्वेद केल्यास रक्तस्राव व शोथ वाढतो आणि क्वचित त्या जागी अस्थिसदृश काठिण्यही येते.

ही चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी बाजार समितीतील एक हमाल माझ्याकडे आले. निसटते पोते सावरताना कोपरापाशी 'ताड' असा आवाज झाला होता. मी स्नेहन, स्वेदन व गुग्गुळकल्प दिले. सहा आठवड्यांत वेदना शमली, पण पेचकस फिरविण्याचे बळ परत आले नाही. शल्यचिकित्सकांनी निदान केले, की खालची कंडरा पूर्ण तुटली असून आता आखडली आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती जोडणे सोपे गेले असते. त्या गृहस्थांना हमाली सोडावी लागली. वेदना गेली म्हणजे व्याधी गेला, असे मी तेव्हा मानले होते.

म्हणून प्रथम परीक्षण. रुग्णाचा कोपर काटकोनात वाकवून तळहात जोराने वर वळवावयास सांगावे आणि कोपराच्या पुढील बाजूस, बाहेरच्या अंगाने, तर्जनी आकड्यासारखी कंडरेखाली घालून पाहावी. ओ'ड्रिस्कॉल व सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेली ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. दोरीसारखी कंडरा हाताला न लागल्यास, आवाजाचा इतिहास असल्यास किंवा कोपरापाशी नीलिमा दिसल्यास रुग्णास त्वरित शल्यचिकित्सकांकडे पाठवावे. दंडाचा गोळा खाली सरकलेला दिसल्यास वरची लांब कंडरा तुटलेली असते. वृद्धांत तिची चिकित्सा बहुधा शस्त्रकर्माविना होते.

कंडरा शाबूत असल्यास मार्ग सोपा आहे. पहिले दोन-तीन दिवस शीत उपचार, सैल बंध आणि वजन वर्ज्य. सुश्रुतांनी भग्नचिकित्सेत सांगितलेला न्यग्रोधादि कषायाचा सुशीत परिषेक, तसेच मंजिष्ठा, यष्टिमधु, रक्तचंदन व शालिपिष्ट यांचा शतधौतघृतातील लेप येथे तत्त्वतः लागू पडतो. शोथ उतरल्यावर मृदू स्नेहन, सौम्य स्वेद आणि वेदना न होईल इतपत हालचाल. हात आठवडेच्या आठवडे झोळीत ठेवू नये; बळ क्रमाक्रमाने वाढवावे. सौम्य लचक दोन-तीन आठवड्यांत, मध्यम लचक साधारण एक ते दोन महिन्यांत बरी होते.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. तेलाची बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : दुखापत कधी झाली? आवाज झाला का? अलीकडे सिप्रोफ्लॉक्सॅसिन अथवा लिव्होफ्लॉक्सॅसिन घेतले का? या गटातील औषधांनी कंडरा दुर्बल होऊन तुटू शकतात, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ सालीच दिला आहे. व्यायामशाळेतील तरुणांना संप्रेरकांच्या इंजेक्शनांविषयीही विचारावे.

तेल आपले आहे, आणि योग्य काळी ते उत्तमच आहे. काळ न पाहता ते दिले, तर दोष तेलाचा नव्हे, आपला ठरतो.