कन्क्लुजन आधी लिहू नका!

आपल्या जर्नलमधला सगळ्यात बिचारा रकाना कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन – 'कन्क्लुजन'. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच तो भरलेला असतो! 'हेन्स व्हेरिफाइड' हे दोन शब्द सबमिशनच्या आदल्या रात्री एका जर्नलमधून दुसऱ्या जर्नलमध्ये वर्षानुवर्षे उतरत आले आहेत. रीडिंग जुळलं नाही, तर चूक रीडिंगची. मग ग्राफवरचा तो एकटाच भलतीकडे गेलेला बिंदू खोडरबराने गुपचूप नाहीसा होतो.

ही सवय इंजिनिअरिंगला आल्यावर लागते असं तुम्हाला वाटत असेल, तर मित्रांनो, तसं नाही. माझं स्पष्ट मत आहे की ती पाचवी-सहावीतच लागते. आणि गंमत म्हणजे, ज्या 'घरच्या घरी करा' छाप सोप्या प्रयोगांनी ती मोडायला हवी, तेच प्रयोग आपण अशा पद्धतीने करून घेतो की ती आणखी घट्ट होते.

एक उदाहरण देतो. दिवाळीच्या सुट्टीत सहावीतली मामेबहीण प्रयोगांचं पुस्तक घेऊन बसली होती. थाळीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा पेला उपडा घातला. मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढतं. हा प्रयोग आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे. ती म्हणाली, "दादा, कारण खाली लिहिलंय. ऑक्सिजन जळून गेला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी तेवढं चढतं. मग करून कशाला बघायचं?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर आधीच छापलेलं असेल, तर करून कशाला बघायचं?

तरी केलं. पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं, म्हणजे पातळी नीट दिसते. मेणबत्ती जळत होती तोवर पाणी फारसं हललंच नाही. विझली, आणि मग भराभर चढलं. ती गप्प झाली. ऑक्सिजन जळताना संपत असेल तर पाणीही जळतानाच हळूहळू चढायला हवं ना? मग मी विचारलं, "एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर?" ती ठामपणे म्हणाली, "तेवढंच चढेल, पेला तोच आहे." लावल्या. पाणी चांगलंच वर गेलं.

"म्हणजे पुस्तक खोटं सांगतं?"

खोटं नाही, पण अर्धवट नक्कीच. ज्योतीमुळे पेल्यातली हवा तापून पसरते आणि थोडी काठाखालून बाहेर निसटते. नीट पाहिलं तर बुडबुडे दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त, तर उष्णता जास्त आणि निसटलेली हवाही जास्त. शिवाय मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवतच नाही. त्याचं प्रमाण 16 टक्क्यांच्या आसपास आलं की ती विझते. जो ऑक्सिजन वापरला जातो, त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो. मेणाच्या ज्वलनाचं समीकरण मांडून बघा, ऑक्सिजनच्या 3 रेणूंमागे याचे 2 रेणू तयार होतात. म्हणजे आकारमानात पडणारी घट अगदीच थोडी.

मामी स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने विचारलं, "हे सगळं ठीक आहे रे, पण पेपरात काय लिहायचं? मार्क कोण देणार?"

मामीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खरा तिढा इथेच आहे. डोळ्यांना दिसलं ते एक आणि पेपरात लिहायचं ते दुसरं, असं एकदा मुलाच्या मनात बसलं की ते मूल पुढे डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडून देतं. सात-आठ वर्षांनी तेच मूल लॅबमध्ये आपल्या शेजारी उभं असतं. आणि त्यानंतर चार वर्षांनी ते एखाद्या पुलाची किंवा बॉयलरची तपासणी करत असतं. तिथेही रीडिंग 'जुळवून' घेतलं तर?

म्हणून मला वाटतं, प्रयोग सोपा असो वा अवघड, तीन गोष्टी पाळायला हव्यात. पहिली – प्रयोगाआधी मुलाने स्वतःचा अंदाज कागदावर लिहायचा. दुसरी – एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिसरी – कारण आपण सांगायचं नाही, निदान लगेच तरी नाही.

साहित्य घरातच आहे. एक मीटर सुतळीला कुलूप बांधून टांगा. दहा झोके साधारण 20 सेकंदांत होतात. सुतळी निम्मी केली तर किती? बहुतेक जण 10 म्हणतील. घड्याळ लावून बघा, 14 च्या आसपास येतात! 10 सेकंदांसाठी सुतळी पाव मीटर करावी लागते. वर्गमूळ हा शब्दही न उच्चारता मूल त्याच्या दारात उभं राहतं. किंवा रुमालावरचा हळदीचा डाग घ्या. साबण लागला की लाल, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. आता ताक, खायचा सोडा, चिंचेचं पाणी यांचं काय होईल, ते आधी लिहा आणि मग थेंब टाका. फक्त मेणबत्तीपाशी मोठं माणूस हवंच, आणि विजेचे प्रयोग दीड व्होल्टच्या सेलवर. भिंतीवरच्या प्लगला हात नाही म्हणजे नाही.

हे पोरखेळ वाटत असतील तर दोन माणसं आठवा. 1860-61 च्या नाताळात मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्यानं दिली, ती सगळी एका मेणबत्तीवर. दुसरे आपल्याच बिरादरीतले. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी वर्षं काड्या, रबरी नळ्या आणि टाकाऊ वस्तूंतून मुलांना विज्ञान हातात दिलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपण एवढं मोठं काही करायला नको. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा चाळीतली, वाडीतली चार पोरं गोळा करा. एक संध्याकाळ, एक मेणबत्ती, एक पेला. आणि त्यांच्या वहीत कन्क्लुजनची जागा कोरी सोडा. ती त्यांना भरू द्या, चुकीची भरली तरी चालेल. पुढचा प्रयोग तिथूनच सुरू होईल.

आणि हो, सबमिशन जवळ आलं म्हणून ती वही कॉपी करायला मागू नका. तिथली सगळी रीडिंग खरी असतील, आपल्या जर्नलशी जुळायची नाहीत!