घरचा जमाखर्च कोण ठेवणार?

क्रेडिट कार्डाच्या व्याजासंबंधानें सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं जो निकाल दिला, त्याचा संबंध ज्यांच्या खिशाशीं आहे त्या मध्यम स्थितींतील गृहस्थांनीं त्याचा अर्थ अद्याप नीट ध्यानांत घेतलेला दिसत नाहीं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं असें ठरविलें होतें कीं, कार्डाच्या थकबाकीवर सालीना शेंकडा ३० हून अधिक व्याज घेणें ही अनुचित व्यापारी प्रथा होय. तो निर्णय आतां रद्द झाला. बँकांच्या व्याजावर देखरेख ठेवणें हें रिझर्व्ह बँकेचें काम आहे. आणि व्याज भारी आहे एवढ्याच कारणावरून बँक व ऋणको यांमधील व्यवहार न्यायालयानें पुन्हां उघडूं नये, असें १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचें कलम २१-अ सांगतें. कायद्याच्या दृष्टीनें निकालास नांवें ठेवण्यास फारशी जागा नाहीं, असें आमचें मत आहे. परंतु निकाल कायदेशीर आहे एवढ्यानें त्याचा परिणाम सौम्य होत नाहीं.

तो परिणाम केवढा, हें आंकड्यांनींच पाहूं. कार्डावर महिन्यास शेंकडा साडेतीन हा दर आज अपूर्व नाहीं. दहा हजारांची बाकी तशीच राहूं दिली, आणि दंड व कर हिशेबांत धरले नाहींत, तरी चक्रवाढीनें ती वर्षाअखेर १५,१११ रुपये होते व एकविसाव्या महिन्यांत दुपटीच्या वर जाते. धनकोनें एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करूं नये, हा दामदुपटीचा नियम आमच्या धर्मशास्त्रांत होता, व मुंबई इलाख्यांतील न्यायालयेंहि हिंदु ऋणकोपुरता तो मानीत असत. कार्डाच्या बाकीस तसलें कुंपण नाहीं. बिलावर ‘किमान देय’ म्हणून जो लहानसा आंकडा छापलेला असतो, तो भरला म्हणजे आपण सुटलों असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्यानें उशिराचा दंड तेवढा टळतो; उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतें, आणि नव्या खरेदीसहि बिनव्याजी मुदत मिळेनाशी होते.

या प्रांतास कर्जाचा इतिहास नवा नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें दंगा उसळला व तो पुणें आणि अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला, तेव्हां शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दप्तरांतील कर्जरोख्यांवर होता. कारण उघड आहे. आपण किती घेतलें, किती फेडलें व किती उरलें हें सांगणारा कागद सर्वस्वीं दुसऱ्याच्या हातीं होता. म्हणूनच १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांकरितां कायदा झाला, त्यांत सावकारानें पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लेखी द्यावा, अशीं कलमें घालावीं लागलीं. त्याच तत्त्वावर रिझर्व्ह बँकेनें १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांच्या बाबतींत मुख्य अटींचें पत्रक देणें सक्तीचें केलें आहे, व सर्व आकार धरून वार्षिक दर किती पडतो हें त्यांत लिहावें लागतें. कार्डाची बाकी मात्र या नियमांतून वगळलेली आहे. तेव्हां कार्डवाल्या गृहस्थाचा पहिला रक्षक त्याची स्वतःची वही, हें निराळें सांगावयास नको.

आणि ती वही आहे कोठें? आमच्या व्यापारी वाचकांनीं रागावूं नये. पण दिवाळींत जे वहीपूजन करतात, ज्यांच्या दुकानीं रोजकीर्द व खतावणी पैशापर्यंत जुळते, त्यांच्याच घरीं महिन्याचा खर्च विचारला तर ‘असेल कांहीं’ एवढेंच उत्तर मिळतें! गल्ल्यांत हात घालून घरखर्च चालविला म्हणजे दुकान बुडतें कीं घर बुडतें, हें कळावयासहि मार्ग उरत नाहीं. नोकरदारांची स्थिति याहून बरी नाहीं. २०१६ सालीं यूपीआय सुरू झाल्यापासून नाण्याचा आवाज न होतां पैसा जातो. सोय मोठी आहे. पण हातांतून जातांना जें लागत असे, तें आतां लागत नाहीं.

आरंभास मोठी विद्या नको. पहिला महिना कांहींहि न तोडतां केवळ लिहावें. मोबाइलवरील नोंद ही कच्ची वही समजून दर रविवारीं ती खतावावी. दुसऱ्या महिन्यापासून तीन सदरें करावीं: न टळणारा खर्च, टाळतां येण्याजोगा खर्च, आणि कर्जफेड व शिल्लक. शिल्लक महिनाअखेरीस उरेल तर ठेवूं, असें म्हणणाऱ्याची ती कधींच उरत नाहीं. ती पगाराच्या दिवशींच बाजूस काढावी. ज्या कर्जाचा दर सर्वांत भारी तें आधीं फेडावें. दुकानदारानें दरमहा ठराविक उचल स्वतःच्या नांवें लिहून घ्यावी व तींतच घर चालवावें.

यावर कोणी म्हणेल, मिळकतच अपुरी, तेथें जमाखर्चानें काय होणार? हा आक्षेप खोटा नाहीं. वहीनें पगार वाढत नाहीं व इस्पितळाचें बिल कमी होत नाहीं. व्याजाच्या दरांवर लगाम घालण्याच्या जबाबदारीतून सरकार व रिझर्व्ह बँक यांस आम्ही मुक्त करीत नाहीं. परंतु ज्यास आपली तूट किती हेंच माहीत नाहीं, त्यास ती मागतां कशी येणार? अपुरी मिळकत असणाऱ्यालाच आंधळा खर्च सर्वांत महाग पडतो.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस कर्तव्य वाटतें. पुष्कळ घरांत मिळकत पुरुषास ठाऊक, खर्च स्त्रीस ठाऊक, आणि कर्ज कोणासच पुरतें ठाऊक नाहीं, अशी व्यवस्था आहे. भाजीच्या चार रुपयांचा जाब पत्नीस विचारावा आणि कार्डावरील चाळीस हजारांची बाकी तिच्यापासून लपवावी, हा संसार नव्हे. महिन्याच्या पहिल्या रविवारीं दोघांनीं एकत्र बसून, मोठ्या मुलांसहि जवळ घेऊन, ती वही उघडावी. ऋण काढून सण करण्याची खोड कायद्यानें जात नाहीं, उपदेशानेंहि जात नाहीं. परंतु बाकीचा आंकडा सर्वांच्या देखत मोठ्यानें वाचला गेला, म्हणजे ती पुष्कळशी जाते.