सगळेच कोळी चोर नसतात

यवतला काय नि शिरूरला काय, भेंडी-वांग्यावर जाळी दिसली की पंप पाठीवर चढतो. घोळ मराठीनेच घातलाय, दोघांना एकच नाव! पानामागे रस शोषणारा टिंबाएवढा लाल कोळी वेगळा, किडी खाणारा जाळीवाला कोळी वेगळा. पाय दोघांनाही आठ, म्हणजे कीटक कुणीच नव्हे. सायपरमेथ्रिन मारलं की लाल कोळ्याला खाणारे मरतात आणि तो उलट फोफावतो. २००२ साली उसावर आलेला लोकरी मावासुद्धा शेवटी डायफा, मायक्रोमस या मित्रकिडींनीच आवरला, विसरलात? अहो, आधी पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर ऊन उतरल्यावर गंधक फवारा. नाहीतर त्या बिचाऱ्या कोळ्याला राहू द्या. तो फुकट राबतोय, औषधाचं बिल मात्र आपण भरतोय!